अर्ध्या इंचाचा खेळ: पुण्यात जुना मेकॅनो शोधणाऱ्या आणि जोडणाऱ्या नवख्यांसाठी

जुन्या बाजारात जाताना खिशात तीन वस्तू ठेवा: सहा इंची स्टीलची मोजपट्टी, एक छोटं लोहचुंबक आणि खात्रीचा एक जुना नट-बोल्ट. पैशांचं नंतर बघू.

मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. ताडपत्रीवर बंद पडलेली घड्याळं, पितळी कुलपं, काटे नसलेले मीटर, एकेकटे बूट. त्यात कधीतरी बिस्किटांचा गंजलेला डबा निघतो आणि डब्यात भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या: मेकॅनो, म्हणजे पट्ट्या आणि चाकं नट-बोल्टने जोडून पूल, क्रेन बनवायचं खेळणं. तुम्ही वाकलात की विक्रेता म्हणतो, "इंग्लिश माल आहे साहेब." असेलही. पण तो इंग्लिश आहे का, कुठल्या काळातला आहे आणि घरी आधीपासून असलेल्या तुकड्यांशी जुळणार आहे का, हे तिथे उकिडवं बसून पाच मिनिटांत ठरवायचं असतं. त्यासाठी इतिहास लागतो. या खेळण्याचा इतिहास पुस्तकात शोधायची फारशी गरज नाही, तो पट्टीवरच आहे. भोकात आहे, रंगात आहे, आट्यांत आहे. तो वाचायचा कसा, एवढंच इथे सांगतो.

आधीच एक सांगून टाकतो. सीलबंद डबे काचेच्या कपाटात मांडणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांना नट आवळायचा आहे त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: भोक मोजा

पट्टी हातात घेतली की रंग बघायचा मोह होतो. तो आवरा. आधी एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. मेकॅनोत ते अर्धा इंच असतं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. बोहरी आळीच्या, म्हणजे आपल्या हार्डवेअर बाजाराच्या भाषेत चार सूत. एकाच अंतरावरून चुकायला होतं, म्हणून अकरा भोकांची पट्टी घ्या आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मोजा. दहा अंतरं, बरोबर पाच इंच भरले पाहिजेत.

हा अर्धा इंच ज्याने पक्का केला तो फ्रँक हॉर्नबी. जन्म लिव्हरपूलमधला, १८६३ चा. इंजिनिअर नव्हता, मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होता. घरी मुलांसाठी पत्रा कापून पूल आणि क्रेन बनवायचा. प्रत्येक नव्या खेळण्यासाठी नवे तुकडे कापावे लागत आणि जुनं खेळणं पडून राही. मग त्याला सुचलं की सगळ्या तुकड्यांना सारख्या मापाची भोकं सारख्या अंतरावर पाडली आणि ते नट-बोल्टने जोडले, तर आजचा पूल सोडून उद्या त्याच पट्ट्यांची क्रेन करता येईल. पेटंटसाठी पैसे नव्हते. मालकाने, डेव्हिड एलियटने, पाच पौंड उसने दिले. जानेवारी १९०१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

विक्री १९०२ मध्ये सुरू झाली तेव्हा नाव मेकॅनो नव्हतं, 'मेकॅनिक्स मेड ईझी' होतं. लाल पत्र्याच्या डब्यात सोळा प्रकारचे तुकडे आणि बारा प्रतिकृतींचं एक पत्रक. ते तुकडे पातळ, म्हणजे अक्षरशः कल्हईच्या पत्र्याचे. हात कापू नये आणि थोडी ताकद यावी म्हणून कडा दुमडलेल्या. मेकॅनो हे नाव १९०७ मध्ये नोंदवलं गेलं. त्याच सुमारास बाहेरच्या पुरवठादारांना मागणी झेपेना म्हणून हॉर्नबीने नोकरी सोडली आणि स्वतःच तुकडे बनवायला लागला. पुढे जाड पोलाद, गोल टोकं, निकेलचा मुलामा. आपण ज्याला मेकॅनोची पट्टी म्हणून ओळखतो, ती इथून सुरू होते.

तेव्हा दुमडलेल्या कडांची, चौकोनी टोकांची पातळ पट्टी कधी हाती आलीच, तर ती घासू नका, वाकवू नका, त्याहून महत्त्वाचं म्हणजे चेहऱ्यावर काही दाखवू नका. मला वीस वर्षांत अशी एकही मिळालेली नाही.

दुसरी पायरी: रंग वाचा, पण त्यावर हुरळू नका

भोक जमलं की रंग. ढोबळ क्रम असा.

रंग नाही, नुसतं चंदेरी निकेल: बहुधा १९२६ च्या आधीचा माल. पेटंटला पंचवीस वर्षं झाली त्या १९२६ साली कंपनीने रंग आणले, लाल प्लेट आणि हिरव्या पट्ट्या. पहिल्या वर्षाचा हिरवा फिका, वाटाण्यासारखा. पुढच्या वर्षापासून तो गडद झाला. मग १९३४ मध्ये एकदम राजेशाही थाट: पट्ट्या सोनेरी आणि प्लेट निळ्या, त्यांवर सोनेरी तिरप्या रेघांची जाळी, तीही एकाच बाजूला. उलट बाजू साधी निळी. युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा. १९६४ मध्ये पिवळ्या आणि काळ्या प्लेट, चंदेरी पट्ट्या. १९७० पासून पिवळा आणि निळा.

आता नवखा माणूस इथे हमखास फसतो. लाल-हिरवी पट्टी दिसली की तो म्हणतो, निळा-सोनेरी युद्धापर्यंत होता, म्हणजे ही एकतर १९३४ च्या आधीची, नाहीतर युद्धानंतरची. इंग्लंडात बसून हे ठीक आहे. पण निळा-सोनेरी रंग मुख्यतः ब्रिटनच्या बाजारासाठी होता. परदेशी पाठवायच्या मालात त्या काळातही लाल-हिरवा चालूच राहिला. आपण त्या परदेशात बसतो. त्यामुळे पुण्यात सापडलेली लाल-हिरवी पट्टी १९३६ ची असू शकते आणि १९५६ चीही. रंगावरून दोन पिढ्यांचा फरक लागत नाही. नुसत्या लाल-हिरव्या रंगासाठी 'युद्धापूर्वीचा' म्हणून जादा पैसे देऊ नका.

पट्टीवर ठसा शोधा. 'मेकॅनो' आणि 'मेड इन इंग्लंड' असं रोमन लिपीत दाबलेलं असतं, रंगाच्या थराखाली कधी जेमतेम लागतं. नख फिरवा, नाहीतर मोबाईलचा दिवा आडवा धरा, सावलीत अक्षरं उठतात. लिव्हरपूलचा बिन्स रोडवरचा कारखाना १९१४ पासून चालला आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद पडला. फ्रान्समध्ये, कॅले शहरात, उत्पादन त्यानंतरही बरीच वर्षं चालू होतं, म्हणून फ्रान्सचा ठसाही भेटतो.

आणि रंग दिलेला तुकडा पुन्हा रंगवलेला आहे का, ते भोकाच्या आत बघा. कारखान्याचा रंग भोकाच्या कडेला पातळ आणि एकसारखा असतो. घरी ब्रशने मारलेला तिथे ओघळून साठतो. रंगवलेले तुकडे वाईट नसतात. जोडायला उत्तमच, फक्त जुन्या रंगाचा भाव त्यांना द्यायचा नाही.

तिसरी पायरी: चुलत भावंडं ओळखा

एकाच डब्यात तीन देशांचा माल निघतो. हॉर्नबीची कल्पना इतकी सोपी होती की ती सगळीकडे गेली.

अमेरिकेत ए. सी. गिल्बर्टने १९१३ मध्ये इरेक्टर काढला. हा गृहस्थ १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये बांबूउडीत सुवर्णपदक मिळवलेला, डॉक्टरकी शिकलेला आणि जादूचं सामान विकणारा. त्याच्या तुळया ओळखू येतात. कडेला दुमड असते आणि चार जोडल्या की पोकळ चौकोनी खांब होतो, अगदी हाय टेन्शनच्या मनोऱ्यासारखा. मेकॅनोशी त्यांचा मेळ सहज बसत नाही. जर्मनीत मेर्क्लिनने बनवलेले संचही आहेत.

चेकोस्लोव्हाकियाचा मेर्कूर मात्र वेगळा. तिथे भोकांचं अंतर १० मिलिमीटर आणि स्क्रू साडेतीनचा. मोजपट्टी लावली की दोन सेकंदांत कळतं. मेर्कूरबद्दल मला विशेष ममत्व आहे, कारण ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरच्या स्वयंपाकघरात मेर्कूरचे तुकडे आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र केलं आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडवल्या. आज रस्त्यावर चष्मा न लावलेली जी माणसं दिसतात, त्यातल्या काहींच्या डोळ्यांत या खेळण्याचा वंश आहे.

आपल्याकडचा मेकॅनिक्स तर ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्या बहुतेकांना आठवेल. वाढदिवसाला दोन जणांकडून एकच संच यायचा, त्यातला एक तसाच पुढच्या वाढदिवसाला जायचा. जुन्या बाजारात तो खूप दिसतो आणि स्वस्त पडतो. सुरुवातीला त्याला नाकं मुरडू नका. फक्त इंग्लिश पट्ट्यांत मिसळण्याआधी एक पट्टी दुसरीवर ठेवून उजेडाकडे धरा. दोन्ही टोकांच्या भोकांतून स्वच्छ उजेड आला तर एकत्र वापरा, भोकं चंद्रकोरीसारखी दिसली तर वेगळा डबा.

चुंबक इथे काढा. मेकॅनोची दातेरी चाकं आणि कप्प्यांचे मधले भाग पितळेचे असतात, चुंबकाला दाद देत नाहीत. पिवळं दिसणारं चाक चुंबकाला चिकटलं तर ते मुलामा दिलेलं लोखंड.

चौथी पायरी: आटे. इथे घाई करू नका

सगळ्या लेखातला एवढाच भाग वाचलात तरी चालेल.

जुन्या मेकॅनोचा बोल्ट ५/३२ इंची, विटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचा, इंचाला ३२ आटे. सुतात सांगायचं तर सव्वा सूत. आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो एम-४, म्हणजे ४ मिलिमीटर. आता गणित बघा. ५/३२ इंच म्हणजे ३.९७ मिलिमीटर. व्यासात फरक तीन शतांश मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसणारच नाही. पण आट्याआट्यातलं अंतर विटवर्थमध्ये ०.७९ मिलिमीटर आणि एम-४ मध्ये ०.७. म्हणून होतं काय, की एम-४ चा बोल्ट जुन्या नटात पहिला दीड फेरा अगदी प्रेमाने जातो. मग अडतो. आपण म्हणतो गंज असेल, आणि स्क्रू ड्रायव्हरला जोर देतो.

मी तो जोर दिलेला आहे. नटात नाही, तर एका तीन इंची कप्पीच्या पितळी मध्यात. पितळ मऊ, बोल्ट पोलादी. आटे मऊ लोण्यासारखे कापले गेले आणि कप्पी कायमची ढिली झाली. ती अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

नियम असे. भोकांतून पट्ट्या जोडायला एम-४ चा बोल्ट आणि एम-४ चाच नट वापरला तर काही बिघडत नाही, भोकात तो बसतो. जुना बोल्ट जुन्या नटाबरोबर. दोघांची सोयरीक कधी नाही. आणि चाकांच्या पितळी मध्यात जो बारका स्क्रू दांड्यावर आवळतो, तिथे फक्त जुन्या मापाचाच स्क्रू. तो नसेल तर चाक तसंच ठेवा, मिळेपर्यंत थांबा.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सगळ्या नट-बोल्टवाल्यांकडे हे माप मिळत नाही. जुन्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, म्हणजे सकाळी उघडल्या उघडल्या जा. 'मेकॅनोचा बोल्ट द्या' म्हणू नका. 'पाच-बत्तीस विटवर्थ, अर्धा इंच, चीझहेड' म्हणा आणि खिशातला जुना नट-बोल्ट पुढे ठेवा. मालक तरुण असेल तर मोबाईलकडे बघत नाही म्हणेल. म्हातारा असेल तर तो बोल्ट बोटांत फिरवेल, एकदा तुमच्याकडे बघेल आणि माळ्यावर पोरगा चढवेल. वॉशरही घ्या भरपूर. त्यांना तिथे 'वायसर' म्हणतात आणि ते तोळ्यासारखे मोजून नाही, मुठीने मिळतात.

पाचवी पायरी: घासणं, पण बेताने

घरी आणलेला माल आधी वर्तमानपत्रावर पसरून एक रात्र तसाच ठेवा. झुरळांची अंडी निघतात. हे कुणी सांगत नाही.

रंगवलेले तुकडे कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ दात-ब्रशने धुवायचे. लगेच पुसायचे आणि उन्हात नाही, पंख्याखाली वाळवायचे. पॉलिश पेपर लावायचा नाही. एक तर रंग जातो आणि दुसरं म्हणजे जुन्या रंगांत शिसं असू शकतं, ते कोरडं घासून उडवणं धोक्याचं. याच कारणाने जुना रंगीत मेकॅनो तोंडात वस्तू घालणाऱ्या वयाच्या मुलांच्या हाती देऊ नका. नटही त्यांच्या घशाच्या मापाचेच असतात. त्यांना तिसऱ्या पायरीतला आपला देशी संचही दोन-चार वर्षांनीच द्या.

निकेलवर गंजाचे ठिपके असतील तर रॉकेल मिळवा (हल्ली तेही शोधावं लागतं), नाहीतर शिवणयंत्राचं तेल. रात्रभर भिजवा, सकाळी जाड कापडाने घासा. तारेची घासणी लावली की मुलामा जातो आणि मग पहिल्या पावसाळ्यात पट्टी तांबूस होते. जस्ताचा मुलामा असलेल्या सत्तरच्या दशकातल्या तुकड्यांना व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. आम्ल जस्त खातं.

पितळेचं मात्र आपल्या घरात शास्त्रच आहे. चिंचेचा कोळ किंवा पितांबरी, जे देवांच्या भांड्यांना लावतात तेच. हलक्या हाताने, दातांच्या खाचांत जुना ब्रश, आणि पूड अडकून राहणार नाही असं धुवायचं. माझ्या आईने माझी पहिली सत्तावन्न दातांची चक्री समया घासताना मधेच घासून दिली होती. इतकी चकचकीत मला परत कधी जमली नाही. काही संग्राहक म्हणतात पितळेची काळपट झाक तशीच ठेवावी. त्यांचं बरोबर असेल. मला चकचकीत आवडते.

पुण्याचा जून ते सप्टेंबर हा या छंदाचा शत्रू. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, कागद ओल धरतो. घट्ट झाकणाचे डबे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्याआधी प्रत्येक दांड्यावर तेलाचा बोळा फिरवलेला.

सहावी पायरी: नावं नाही, नंबर शिका

मेकॅनोच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे आणि जगभरचे लोक त्याच क्रमांकांनी बोलतात. सगळे पाठ करायची गरज नाही. पट्ट्यांत १ म्हणजे साडेबारा इंची, पंचवीस भोकांची. २ म्हणजे साडेपाच इंची, अकरा भोकांची. ५ नंबरला पाच भोकं. ४ नंबरला सहा भोकं आणि ६ नंबरला चार, हा घोळ लक्षात ठेवा, त्याचा पुढे उपयोग आहे. ३७अ नट, ३७ब बोल्ट. ५९ म्हणजे दांड्यावर चढवायची बारकी पितळी कडी, तिला बाजूने स्क्रू असतो. ती हरवते. सगळ्यात जास्त तीच हरवते, म्हणून कुठे दिसली की घ्या.

नट, बोल्ट, वायसर आणि कड्यांसाठी मिसळणाच्या डब्याइतकं उत्तम भांडं जगात कुणी बनवलेलं नाही. सात वाट्या, वर झाकण. फक्त स्वतःचा वेगळा घ्या. घरातला वापरलात तर छंद तिथेच संपेल.

संचांनाही क्रमांक होते. १९३७ पासून ० ते १०, आणि मधले जोडसंच: १अ आणला की संच १ चा २ होतो. म्हणजे काकाने एक, मामाने एक असं करत मूल दहाकडे चढत जायचं. दहाव्याला पोचणारी मुलं थोडी. तो संच लाकडी कपाटातून यायचा. जुन्या बाजारात संपूर्ण संच शोधत बसू नका. सुटे तुकडे घ्या. सुरुवातीला लांब पट्ट्या, दांडे, पितळी चाकं. वाकणाऱ्या पातळ प्लेट शेवटी.

सातवी पायरी: पहिली क्रेन

हॉर्नबीने मुलांसाठी क्रेन केली, आपणही तीच करू. पण त्याआधी दोन मिनिटांचा एक खेळ.

पाच भोकांच्या पट्टीत अंतरं चारच असतात. चार भोकांत तीन, सहा भोकांत पाच. म्हणजे ६, ५ आणि ४ नंबरच्या पट्ट्या टोकाच्या भोकांत एकमेकींना जोडल्या की बाजू तीन, चार आणि पाच. पायथागोरस. काटकोन अचूक येतो, गुण्याची गरज नाही. नंतर तसाच चार पट्ट्यांचा चौकोन करा आणि बोटाने ढकला. चौकोन लगेच शंकरपाळ्यासारखा कलतो, त्रिकोण हलत नाही. लोखंडी पुलांच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, ते मुलांना समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्या बोटाला कळतं.

आता क्रेन. २ नंबरच्या दोन पट्ट्या आणि १ नंबरची एक, यांचा त्रिकोण करा. एक २ नंबर आडवी, हा पाया. तिच्या मागच्या टोकाला १ नंबरची लांब पट्टी, पुढे झुकलेली. पायाच्या पुढच्या टोकापासून दुसरी २ नंबर वर नेऊन लांब पट्टीच्या अकराव्या भोकात जोडा. तिन्ही बाजू दहा-दहा अंतरांच्या, समभुज त्रिकोण, आणि लांब पट्टीचा वरचा भाग पायाच्या पुढे डोकावलेला. असाच दुसरा सांगाडा. दोघांना दोन्ही टोकं दुमडलेल्या अडीच इंची पट्ट्यांनी, म्हणजे ४८अ ने, तिन्ही कोपऱ्यांत जोडा.

सगळे नट आधी फक्त बोटाने. हे मी ओरडून सांगतो आणि प्रत्येक नवखा पहिलाच नट कचकचून आवळतो. मग शेवटचं भोक अर्ध्या मिलिमीटरने चुकतं आणि तो पट्टी वाकवतो. पूर्ण सांगाडा उभा करा, टेबलावर ठेवून डुगडुगतो का बघा, आणि मगच कोपऱ्याकोपऱ्याने आवळा.

लांब पट्ट्यांच्या शेवटच्या, पंचविसाव्या भोकांतून एक दांडा, त्यावर मध्यभागी एक इंची कप्पी, तिच्या दोन्ही बाजूंना कड्या. खाली पाचव्या भोकांतून हँडलचा दांडा आणि सातव्यातून दुसरा दांडा. हँडलवर एकोणीस दातांची चक्री, क्रमांक २६. वरच्या दांड्यावर सत्तावन्न दातांची, २७अ. दोन भोकांचं अंतर म्हणजे एक इंच, आणि या दोन चक्र्या बरोबर एक इंचावर एकमेकींत बसतात. पन्नास आणि पंचवीस दातांची जोडीही याच अंतरावर चालते. दीड इंचावर एकोणीसला पंचाण्णव, दोन इंचांवर एकोणीसला एकशे तेहेतीस. सगळी चाकं अर्ध्या-अर्ध्या इंचावरच्या भोकांत बसावीत म्हणूनच दात असे विचित्र संख्येचे आहेत.

हँडल तीन फेरे फिरवलं की दोरी गुंडाळणारा दांडा एक फेरा घेतो. घर्षण सोडलं तर तिप्पट जोर. हे ऐकून तुमचा दहा वर्षांचा मुलगा 'मग तीनशेपट का नाही' असं विचारेल. चक्र्यांच्या जोड्या एकामागे एक लावून ते करता येतं, आणि या विचाराला मर्यादा नाही. मँचेस्टरमध्ये १९३४ साली डग्लस हार्ट्री या गणितज्ञाने आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याबरोबर मेकॅनोच्या तुकड्यांचं विकलन समीकरणं सोडवणारं यंत्र बांधलं. तुकड्यांचा खर्च वीसेक पौंड, आणि उत्तरं संशोधनाला वापरता येतील इतकी बरी.

जिथे पट्टी सांध्यात फिरायला हवी तिथे एक नट सैल ठेवून त्यावर दुसरा नट उलट दिशेने आवळा. दोघे एकमेकांना धरतात, सांधा हलत राहतो. सायकलवाल्याकडे चाक बसवताना बघितलं असेल.

दोरी म्हणून सुतळी वापरू नका, तिचे धागे चक्रीत अडकतात. मांजा तर अजिबात नको. भाजीच्या पिशव्या शिवायचा जाड दोरा चांगला, त्याला थोडं मेण लावा. मागच्या पायावर वजन ठेवा, नाहीतर पाव किलोचा बटाटा उचलताना क्रेनच पुढे नाक घासते.

मोटार लावायची असेल तर बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत मिनिटाला साठ-शंभर फेऱ्यांची बारा व्होल्टची गिअर मोटार मिळते. तिचा दांडा बहुधा सहा मिलिमीटरचा असतो आणि मेकॅनोचा चारचा, म्हणून मधे जोडणीचा तुकडा एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्यावा लागतो. पहिल्या महिन्यात मात्र हातानेच फिरवा. दात अडकतात कुठे, दांडा वाकलाय का, हे हाताला समजतं, मोटारीला समजत नाही.

आणि मुलांना घेऊन एकदा कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावरच्या जोशी रेल्वे संग्रहालयात जाऊन या. भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं हे छोट्या रेल्वेचं जग १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मेकॅनोवाल्या हॉर्नबीनेच १९२० मध्ये खेळण्यातल्या रेल्वे काढल्या, जगभर बरेच लोक आज त्याला त्यासाठीच ओळखतात. तिथून घरी आलं की पुलाची मागणी होते. दोन-चार जास्तीच्या १ नंबर पट्ट्या आधीच आणून ठेवा.

क्रेनशी खेळून झालं की ती सोडा. आठवडाभर ठेवा फार तर, फोटो काढा, आणि सोडा. वरून खाली, मोटार आणि दोरी आधी, चक्र्या मग, सांगाडा शेवटी. नट परत मिसळणाच्या डब्यात टाकताना मोजा. एक कमी भरेलच. खिशातलं ते लोहचुंबक दोऱ्याला बांधा आणि सोफ्याखालून फिरवा.